प्रभार मोजल्याशिवाय पेन खाली ठेवू नकोस

अगं, तुझं निव्वळ आयनिक समीकरण, म्हणजे अभिक्रियेत खरोखर बदलणारे कणच दाखवणारं समीकरण, चुकतंय ते शेवटच्या पायरीवर. ॲल्युमिनियम आणि कॉपर क्लोराइडचंच बघ. क्लोराइड आयन (आयन म्हणजे प्रभार असलेला कण) दोन्हीकडे जसेच्या तसे, म्हणून ते खोडलेस, बरोबर केलंस. उरलं काय? डावीकडे एक ॲल्युमिनियम अणू, एक कॉपर आयन. उजवीकडे एक ॲल्युमिनियम आयन, एक कॉपर अणू. अणू जुळले म्हणून तू थांबलीस. पण प्रभार मोज: डावीकडे अधिक २, उजवीकडे अधिक ३! एक ॲल्युमिनियम ३ इलेक्ट्रॉन देतो, एक कॉपर आयन २ घेतो. म्हणून २ ॲल्युमिनियमना ३ कॉपर आयन लागतात. आता दोन्हीकडे अधिक ६. ही तपासणी मी आजही प्रत्येक वेळी करते.

दुसरं, सगळंच आयनांत फोडत सुटू नकोस. पाण्यात विरघळणारे क्षार, तीव्र आम्लं आणि तीव्र आम्लारी एवढेच आयनांत लिही. अवक्षेप (द्रावणात न विरघळता वेगळा होणारा घन), वायू, पाणी अखंड ठेव. ॲसेटिक आम्लही अखंडच, कारण ते विरघळतं खरं, पण त्याचे बहुतेक रेणू न फुटताच राहतात. विरघळणं वेगळं आणि आयन होणं वेगळं, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

विद्राव्यतेचे नियम, म्हणजे कोणते क्षार पाण्यात विरघळतात ते, मात्र पाठच कर. सगळे नायट्रेट विरघळतात, तिथून सुरुवात कर.