एजन्सी घेण्याआधी

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. सोबत पाठवलेल्या कंपनीच्या पत्राचे फोटोही मोठे करकरून पाहिले. वाघोलीचा गाळा, बाबांनी तुझ्यासाठी जपलेली ठेव आणि जुन्या नावाजलेल्या मोटारसायकलची डीलरशिप. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय म्हणतेस. फोनवर बोललो असतो तर ‘घे’ नाहीतर ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो, आणि दोन्हींतलं काहीच एवढ्यात म्हणायची माझी तयारी नाही. म्हणून लिहायला बसलोय. नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअरच्या काउंटरमागे ३८ वर्षं काढली. या धंद्यातलं जे काही कळतं ते तिथं उभं राहून कळलेलं आहे.

तुझ्या मेसेजमधली एक ओळ मी परत परत वाचली. ‘बाबांची येझदी होती ना, म्हणून हा धंदा आपला वाटतो.’ तुला देऊ करताहेत ती येझदी नाही, पण नाव त्याच काळातलं आहे, म्हणून तुझं मन कुठे गुंतलंय ते समजतं. येझदीची माणसं मी खूप पाहिली. वर्तमानपत्रात गुंडाळून क्लच प्लेटा आणायचे. त्या प्लेटांत कॉर्कचे तुकडे बसवलेले असायचे. झिजून गुळगुळीत झालेल्या प्लेटा काउंटरवर एकेक मांडायच्या आणि म्हणायचं, ‘अशाच द्या, दुसऱ्या नकोत.’ जो दांडा गिअरचा तोच आत दाबून वर फिरवला की किकचा, हे माझ्या दुकानातल्या नव्या पोराला समजावून सांगताना साठीच्या माणसाचा चेहरा उजळलेला मी पाहिलाय.

येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. ही माणसं त्यानंतरही पंधरा-वीस वर्षं माझ्याकडे येत राहिली. यातली गोम नीट लक्षात घे. त्यांचं प्रेम खरं होतं, पण जिवापाड प्रेम करणारा माणूस तीच गाडी पंचवीस वर्षं सांभाळतो, नवी घेत नाही. नवी घेणारा गिऱ्हाईक १९८५ नंतर हीरो होंडासारख्या कमी पेट्रोल पिणाऱ्या चार स्ट्रोकच्या गाड्यांकडे वळला होता. त्यात दोन स्ट्रोकच्या इंजिनांवर धुराचे नियम आवळत गेले. म्हणजे प्रेम काउंटरवर होतं आणि कारखान्याच्या गेटवर नव्हतं.

हे मला वेळेवर कळलं असतं तर बरं झालं असतं. मी स्वतः एजन्सी घेतली होती, तुला कदाचित माहीत नसेल. तेवीस वर्षं झाली. एक जुना मार्का नव्याने बाजारात आला होता. नाव लिहीत नाही, लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. उद्घाटनाला रस्ता अडला होता एवढी गर्दी. लोक टाकीवरून हात फिरवायचे, वडिलांच्या गाडीच्या गोष्टी सांगायचे. पहिल्या तीन महिन्यांत ६१ गाड्या गेल्या. त्यातली एक सासवडच्या एका मास्तरांनी घेतली, त्यांच्या वडिलांकडे तोच मार्का होता म्हणून. पाचव्या महिन्यात त्यांच्या गाडीचा सीडीआय गेला. तळहाताएवढी काळी डबी, तिच्याशिवाय ठिणगी पडत नाही. मी ऑर्डर टाकली. कंपनीचं उत्तर ‘पुढच्या आठवड्यात’. मास्तर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने यायचे, हातात हेल्मेट घेऊन, कारण गाडी चालवत घरी जायचं मनात असायचं. नऊ शनिवार आले. एकदाही आवाज चढवला नाही. दहाव्या शनिवारी आले तेव्हा हेल्मेट नव्हतं. ‘गाडी विकून टाका, मिळेल तेवढ्याला,’ म्हणाले.

डबी त्यानंतर बारा दिवसांनी आली. तोवर सासवड रस्त्यावर ही गोष्ट मला माहीत नसलेल्या माणसांनाही माहीत झाली होती. दीड वर्षात शटर खाली ओढलं. कर्ज फेडायला सहा वर्षं लागली, आणि काउंटर होतं म्हणूनच ते फिटलं.

आता रॉयल एनफिल्डच्या बुलेटकडे येतो, कारण तुला आलेल्या पत्रात तिचं उदाहरण दोन वेळा दिलंय. ‘जुन्या नावाचं सोनं होतं, बुलेटकडे पाहा.’ पाहायलाच हवं, पण नीट. इंग्लंडातल्या रेडिचची ही गाडी. १९५० च्या दशकात आपल्या सैन्याने मागवली आणि १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास संपली, इथली चालत राहिली. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट चालू करणं ही एक विद्याच होती. आधी हळूहळू किक दाबायची, इंजिनातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढायचा, टाकीच्या पुढच्या अॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मध्यावर आला की लिव्हर सोडायचा, किक वर आणायची आणि मग अंग टाकून एकच लाथ. चुकलं की पाय झटकून टाकायची. खाली तेलाचा डाग तर ठरलेलाच. माझ्याकडे बुलेटचे गळती रोखणारे गॅस्केट सेट आणि ऑइल सील, ठिणगीसाठी लागणारे पॉइंट आणि कंडेन्सर डझनांनी जायचे. नाना पेठेतली बरीच घरं बुलेटच्या गळतीवर उभी राहिली म्हटलं तरी चालेल.

२००० साली सिद्धार्थ लाल या कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा २६ वर्षांचे होते. महिन्याला जेमतेम २००० गाड्या खपत होत्या आणि मालक कंपनी आयशरमध्ये हा धंदा विकावा की बंद करावा असा विचार चालू होता. त्यांनी मुदत मागून घेतली. जयपूरचा कारखाना बंद केला. पुढे आयशरने ट्रॅक्टरसकट १५ पैकी १३ धंदे सोडले आणि ट्रक व मोटारसायकल एवढ्यांवरच लक्ष ठेवलं. मग सगळ्यांत धोक्याचं पाऊल उचललं, इंजिन बदललं. लोखंडाच्या जागी अॅल्युमिनियम, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात, उजव्या पायाचा गिअर डाव्या पायाला. त्या वेळी माझ्या काउंटरवर भांडणं व्हायची. ‘ही बुलेटच नाही,’ म्हणणारे पन्नाशीचे लोक मी रोज ऐकत होतो. मलाही तसंच वाटायचं. २००९ मध्ये क्लासिक आली. दिसायला पन्नास वर्षांपूर्वीची, आत सगळं नवं.

ती कंपनी सावरतेय हे मला पेपरात वाचून कळलं नाही. माझ्या वहीतून कळलं. दोन-तीन वर्षांत गॅस्केट आणि ऑइल सीलची विक्री खाली आली, पॉइंट आणि कंडेन्सर नव्या गाडीला लागतच नव्हते. त्याऐवजी पोरं यायची ती लेगगार्ड, सीट, बॅगा बांधायचे कॅरिअर विचारत. जी गाडी चालू ठेवायला लोक सुटे भाग घ्यायचे, तिला सजवायला घेऊ लागले. बंद पडायची भीती गेली तेव्हा लडाखला जायची हिंमत आली, आणि ज्याच्या घरी कधी बुलेट नव्हती तोही दारात आला. २०१० मध्ये वर्षाला ५० हजारांच्या आसपास गाड्या विकणारी ही कंपनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढे गेली. कंपनीच्या माणसाने तुला हा शेवटचा आकडा दाखवलाय. मधली वर्षं दाखवलेली नाहीत.

म्हणून नाव जुनं असेल तर मी आधी विचारतो, आत काय नवं केलंय आणि त्याला किती वर्षं दिली. इंग्लंडातलीच ट्रायम्फ बघ. १९८३ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा जॉन ब्लोर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतलं. हिंकलीच्या नव्या कारखान्यातून गाड्या विक्रीला आल्या १९९१ च्या सुमारास, त्याही आधुनिक इंजिनाच्या. बॉनव्हिल हे लोकांच्या जिवाभावाचं नाव त्या कारखान्यातल्या गाडीवर लागायला २००० साल उजाडलं. इतका धीर पैसेवाल्या माणसातही क्वचितच दिसतो. आज तीच ट्रायम्फ बजाजबरोबर आपल्या चाकणला गाडी बनवते. स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये २ लाख ३३ हजारांना आली, पहिल्या १० हजार गिऱ्हाइकांना आणखी १० हजार कमी. ती किंमत ठेवता आली कारण भाग बनवणारे कारखाने चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हाताशी आहेत. तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते हेच. जिथे भाग बनतात, तिथून ते तुझ्या गाळ्यात किती दिवसांत पोचतात, ते विचार.

जावाचंही पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा परत आली तेव्हा लोकांनी इतकं उचलून धरलं की डिसेंबरअखेर ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं, पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या आधीच सांगून झाल्या होत्या. डिलिव्हरी मार्चअखेर सुरू झाली. नावाची पुण्याई केवढी असते ते त्यातून दिसतं, आणि ती पुण्याई एका दिवसात कारखान्यावर आणि डीलरवर केवढं ओझं टाकते तेही. अनामत देऊन बसलेला माणूस कंपनीला फोन करत नाही, तो डीलरच्या खुर्चीसमोर येऊन बसतो. त्या खुर्चीत तू असशील.

आता तुला आलेलं कंपनीचं पत्र. शोरूमचा बोर्ड किती फुटांचा, भिंतीला कोणता रंग, खुर्च्या कुणाकडून घ्यायच्या, यावर पाऊण पान आहे. सुट्या भागांवर अडीच ओळी. माझा जीव तिथेच अडकला. त्या अडीच ओळींत ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द आहे. तो काढायला सांग. त्याऐवजी दिवस लिहून माग. गाडी ज्या भागावाचून उभी राहते तो भाग सात दिवसांत, बाकीचे एकवीस दिवसांत, आणि उशीर झाला तर गिऱ्हाइकाला पर्यायी गाडी कोण देणार तेही. ते हसतील, हसू देत.

पहिल्या खेपेला ३० गाड्या उचलायची अट आहे. बँकेचं व्याज ११ टक्के धर. दोन लाखांच्या एका गाडीवर महिन्याला १८०० रुपयांच्या वर बसतात, ३० गाड्या उभ्या राहिल्या तर ५५ हजार. भाडं, पगार, वीजबिल हे सगळं त्याच्या वेगळं. दसऱ्याला, पाडव्याला, धनत्रयोदशीला गाड्या जातील, पण पितृपंधरवड्यात बिल फाटत नाही, आणि नेमक्या त्याच महिन्याच्या अखेरीला कंपनीचा माणूस ‘आणखी दहा बिलिंग करून घ्या’ म्हणून फोन करतो. पहिली खेप १२ वर आण. वर्कशॉपच्या कमाईतून भाडं आणि मेकॅनिकचे पगार निघायला किती गाड्या महिन्याला याव्या लागतील, तो हिशोब तू स्वतः मांड, सीएवर सोडू नकोस.

कराचंही बघ. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर थेट ४०. तुझ्या यादीतली दोन मॉडेलं रेषेच्या आत आहेत, तिसरं बाहेर. शोरूममध्ये लोक तिसऱ्याभोवती गोळा होतील, बिल पहिल्या दोघांचं फाटेल. तिसऱ्याची एकच गाडी ठेव.

आणि एक काम दहा दिवसांत होण्यासारखं आहे, ते आधी कर. याच कंपनीचं पुण्यातलं जे चालू वर्कशॉप आहे, तिथे दोन शनिवार सकाळी गेटबाहेर उभी राहा. नवी गाडी घ्यायला आलेल्यांशी बोलू नकोस, ते सगळे आनंदातच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हिसला आलेल्यांना गाठ. मग आत जाऊन गिऱ्हाईक म्हणून पाच गोष्टी माग, क्लच केबल, ब्रेक पॅड, डावा आरसा, पुढच्या फोर्कचं ऑइल सील आणि हेडलाइटचा पूर्ण सेट. काय लगेच हातात दिलं, काय ‘मागवून देतो’ म्हणाले, ते वहीत लिहून ठेव. आरसा आणि हेडलाइट मुद्दाम सांगतोय, कारण नवी गाडी पहिल्या महिन्यात एकदा तरी पडते आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा त्यासाठीच परत येतो.

बाबांच्या ठेवीला हात लावायचा की नाही हे मी तुझ्या बाबांना न विचारता सांगणार नाही. पण राहतं घर तारण ठेवायचा विषय कंपनीच्या माणसाने काढलाय असं तू लिहिलंयस, त्याला माझा साफ नकार आहे.

तुझ्यात हा धंदा करायची कुवत आहे. कॉलेजात असताना उन्हाळ्यात माझ्या काउंटरवर बसायचीस, पार्ट नंबर पाठ करायचीस, गिऱ्हाइकाने चुकीचा भाग मागितला तर गाडीचं वर्ष विचारून योग्य तो द्यायचीस. ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर तुला ‘नको’ म्हणायला जीभ वळत नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकानावर ये. दुपारी गर्दी कमी असते. पत्राची छापील प्रत आण, फोटो नको, आणि ती वही आण. बाबांना वेळ असेल तर त्यांनाही घेऊन ये. आईला नमस्कार सांग.

तुझा,
नाना पेठेतला काका