लायटरमध्ये गारगोटी असते का?

प्रश्न असा आलाय: शाळेच्या प्रकल्पात मुलीने 'लायटरमध्ये गारगोटी असते' असं लिहिलं. बाईंनी 'गारगोटी' खोडून 'चकमक' केलं. दोन्ही एकच ना, मग खोडलं कशाला?

बाईंचं बरोबर आहे. एकच नाहीत.

गारगोटी हे पदार्थाचं नाव. सिंहगडाच्या वाटेवर दुधी, काचेसारखे खडे दिसतात. काळ्या कातळातल्या पोकळ्यांत तयार झालेले आणि कातळ झिजल्यावर सुटे पडलेले. ती गारगोटी, म्हणजे सिलिका. चकमक हे नाव मात्र क्रियेवरून आलंय. शब्द मूळचा तुर्की, अर्थ आपटून ठिणगी पाडणे. तुर्कस्तानात आजही लायटरला 'चाकमाक'च म्हणतात. सभेत शाब्दिक चकमक उडते तेव्हाही दोघं एकमेकांवर आपटत असतात, गारगोटी कुणाच्या हातात नसते.

आता खरी गंमत. दुकानात 'लायटरचा दगड' म्हणून जो अडीच मिलिमीटर जाडीचा, पाचेक मिलिमीटर लांबीचा तुकडा मिळतो, तो दगडच नाही. तो धातू आहे: फेरोसिरियम. ढोबळ मानाने 70 टक्के सिरियम आणि त्याची भावंडं (लँथॅनम, निओडिमियम, प्रासिओडिमियम), 30 टक्के लोखंड. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने 1903 साली याचं पेटंट घेतलं. गॅसबत्तीची जाळी त्याचीच. तिच्यातही सुमारे एक टक्का सिरियम ऑक्साइड असतं, बाकी थोरियमचं.

जुन्या चकमकीत गार कठीण आणि पोलाद मऊ. गारेची धार पोलादाचा कीस काढते, घर्षणाने तापलेला तो कीस हवेत पेटतो. म्हणजे ठिणगी लोखंडाची, दगडाची नव्हे. घरी करून बघायचं तर जुनी कानस घ्या. स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर गारगोटी कितीही आपटली तरी हाती काही लागत नाही, भरपूर कार्बनचं कडक पोलादच हवं. लायटरमध्ये भूमिका उलट्या. दातेरी चाक पोलादाचं आणि कठीण, 'दगड' मऊ, आणि कीस निघतो तो दगडाचा. सिरियमचा बारीक कीस दीडशे-पावणेदोनशे अंशांनाच पेट घेतो, त्यामुळे अंगठ्याचा एक फटकारा पुरतो. नुसतं सिरियम फार मऊ पडतं, चाकाखाली लगेच झिजेल, म्हणून लोखंड घालून त्याला कडकपणा आणतात.

पुण्याच्या पावसाळ्यात हा धातूपणा चांगलाच कळतो. गारगोटी ओढ्यात पडून राहिली तरी गारगोटीच राहते. लायटरचा 'दगड' दमट हवेत गंजून फुगतो, त्याची करडी भुकटी होते आणि नळीत घट्ट बसते. मग चाक फिरत नाही किंवा कोरडंच घसरतं. दगड बदलता येणारा लायटर असेल तर खालचा स्क्रू आणि स्प्रिंग काढा, भुकटी टोकदार तारेने खरवडून झटका, चाकाचे दाते जुन्या ब्रशने साफ करा, मग नवा दगड. जुना झिजलेला तुकडा आत ठेवून त्यावर नवा ढकलू नका. तो आडवा होतो आणि दोन्ही अडकतात. जादा दगड घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवावेत.

नावाचं म्हणाल तर सिरियम (काही जण सेरियम लिहितात) 1803 साली स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जर्मनीत क्लाप्रोटने शोधलं. 1801 मध्ये सापडलेल्या सीरीस या लघुग्रहावरून नाव पडलं. त्यांच्या हाती तेव्हा धातू नव्हता, ऑक्साइड होतं. आगीला दाद न देणाऱ्या अशा ऑक्साइडांना त्या काळचे रसायनज्ञ 'माती' म्हणत, म्हणून आपल्याकडे हा गट 'विरल मृत्तिका' झाला. मृत्तिका नव्हे, धातू. आणि विरल म्हणावं तर भूकवचात सिरियम साधारण तांब्याइतकंच आहे. फक्त एका जागी एकवटलेलं क्वचित सापडतं आणि भावंडांपासून वेगळं करताना घाम फुटतो. या नावापुढे 'लायटरचा दगड' मला फारच प्रामाणिक वाटतो.

तेव्हा 'चकमक' चालेल, कारण क्रिया तीच आहे. 'दगड' बोलण्यात चालेल. 'गारगोटी' नको, तिथे पदार्थच चुकतो. आणि प्रकल्पात चित्र ओट्यावरच्या टकटक लायटरचं असेल, तर बाईंची 'चकमक'ही खोडावी लागेल. त्यात कीस निघतच नाही. स्प्रिंगवरचा हातोडा एका स्फटिकावर आपटतो आणि विजेची ठिणगी पडते.