विषयाचा रकाना कोरा ठेव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा अर्ज वाचला. 'विषय' या रकान्यात आधी तत्त्वज्ञान, ते खोडून मानसशास्त्र, त्यावर पांढरं फासून 'अध्यात्म', आणि पुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह. ते पाहून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तुझे मार्गदर्शक म्हणाले, 'अध्यात्म हा अभ्यासाचा विषयच नव्हे.' तू मला विचारतेस, आहे की नाही?

आहे. झालं समाधान? फ्रान्सच्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्यांनी अध्यात्माचा कोश १९३२ साली छापायला घेतला, तो १९९५ साली पुरा झाला. त्रेसष्ट वर्षं लोक टिपणं काढत बसले, विषय आहे का म्हणून कुणाची परवानगी घ्यायला गेले नाहीत. धर्मशास्त्राच्या अभ्यासक सँड्रा श्नायडर्स यांनी १९८९ साली मांडलं की ही धर्मशास्त्राची पोटशाखा नाही, वेगळी विद्याशाखा आहे. माणसाला आलेला अनुभव हाच तिचा विषय. त्या असंही म्हणतात की इथे अभ्यासक स्वतः गुंतलेलाच असतो. मला पटतं. आणि म्हणूनच सांगते, चुकायला जागा ठेव. जो गुंतलाय त्याला तर ती दुप्पट लागते.

पाटीवर काय लिहिलंय ते नंतर बघू. मला एवढंच सांग: तुझं म्हणणं खोटं ठरायचं असेल, तर कशाने ठरेल? तुझ्या चौदा पानांत हे कुठेच नाही. दोनदा वाचली.

माझी गोष्ट ऐक. माझ्या प्रबंधात अध्यात्म आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध शोधला होता. प्रश्नावली मीच केली. आकडे असे देखणे आले की परीक्षकांनी पाठ थोपटली. बऱ्याच वर्षांनी हॅरॉल्ड कोनिग यांचा २००८ सालचा लेख हातात पडला. हा माणूस धर्म आणि आरोग्य यांच्या संशोधनातला आघाडीचा, तरी घरचाच आहेर दिला त्याने: अध्यात्म मोजायच्या पट्टीत शांती, समाधान, जगण्याला अर्थ असे प्रश्न घालता, आणि मग आध्यात्मिक माणूस समाधानी निघाला म्हणून सांगता! मी कपाटातून माझी प्रश्नावली काढली. पट्ट्या दोन, प्रश्न तोच, शब्द फिरवलेले. माझं उत्तर चुकूच शकत नव्हतं. म्हणजे मी काहीच शोधलं नव्हतं.

त्यानंतर मी कडक झाले. दोघांचे प्रस्ताव परत केले, एकाने तर विषयच सोडला. मी त्याच्याशी बोलायला हवं होतं, नुसता शेरा मारून कागद परत द्यायला नको होता. पण शेरा बरोबर होता. आजही तोच मारेन.

'अनुभव मोजता येत नाही' असं पान नऊवर लिहिलंयस. मोजू नकोस, कोण म्हणतंय मोज! अ‍ॅलिस्टर हार्डी हे प्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, आयुष्य घातलेले प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९६९ साली ऑक्सफर्डला केंद्र काढून लोकांना विचारलं, आपल्या रोजच्या 'मी'पलीकडची एखादी शक्ती तुम्हाला कधी जाणवली का? आलेली पत्रं त्यांनी नमुने लावावेत तशी लावली. आज तो साठा ६,००० च्या वर आहे. त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देता येतं, हे बघ. तुझ्या प्रश्नांना देता येत नाही.

आणि नारदाचा दाखला देऊन मला गप्प करू नकोस. छांदोग्य उपनिषदात तो वेदांपासून गणितापर्यंत शिकलेलं सगळं मोजून दाखवतो आणि म्हणतो, मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. त्यावरून तू काढलंस की हे अभ्यासाचं कामच नाही. (मग अर्ज कशाला केलास, बाई?) अगं, ती यादी त्याला द्यावी का लागली ते बघ. ज्यांच्याकडे तो शिकायला गेला ते सनत्कुमार आधीच म्हणालेत, तुला काय येतं ते सांग, त्यापुढचं मी सांगतो. कोणत्या शाखेतून आलास, हे त्यांनी विचारलंच नाही.

तुझ्या आजीबद्दल जे तू समासात लिहून खोडलंयस, की शेवटच्या वर्षात तिचा जप सुटला पण स्वभाव निवळला, तेवढंच मला खरं वाटलं. साधना सुटल्यावर माणसात तिचं काय उरतं? याचं उत्तर 'काही नाही' असंही येऊ शकतं. तू ते का खोडलंस?

नवा प्रस्ताव एका पानाचा पाठव. विषयाचा रकाना कोरा राहू दे, तो मी कार्यालयाशी भांडून भरून घेईन. सोबत माझी जुनी प्रश्नावली ठेवली आहे. सातवा आणि बाविसावा प्रश्न शेजारी ठेवून वाच, आणि हसायचं असेल तर खुशाल हस.

तुझी,
बाई