एकटीने मालवण: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

वय २२, कोल्हापुरात शिकतेस, हाताशी चार दिवस आणि साडेतीन हजार रुपये, मालवणला एकटीने जायचंय आणि घरचे नको म्हणतायत. माझं म्हणणं, जा. गेली बारा वर्षं मी अशीच फिरतेय, बहुतेक वेळा एसटीने.

पैशांची ओढाताण असली की आपण सगळीकडेच हात आखडता घेतो. तू खाण्यात, प्रवासात काटकसर कर. पोचायची वेळ आणि खोलीचं दार यांत करू नकोस. तुझ्याच वयाची असताना शंभर-दीडशे रुपये वाचावेत म्हणून मी रात्री पोचणारी पॅसेंजर धरली. गाडी रखडली आणि कोकणातल्या एका लहान स्टेशनवर साडेअकराला उतरले. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत. बाहेर एकही रिक्षा नव्हती. स्टेशन मास्तरांना सांगून त्यांच्या दारासमोरच्या बाकावर, दिव्याखाली, पहाटेपर्यंत बसले. काही वावगं घडलं नाही, पण शंभर रुपयांसाठी तशी रात्र मी पुन्हा काढणार नाही.

म्हणून सकाळची एसटी धर, उजेडी पोचशील. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे बायकांना, सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, तेव्हा तिथून गोव्याला जावंसं वाटलं तर पुढचं भाडं पूर्ण धर.

खोली मालवणात बाजाराच्या बाजूला, घरगुती बघ. तारकर्ली सुंदर आहे, पण सहा-सात किलोमीटर लांब, संध्याकाळनंतर रिक्षाचे पैसे जातात. फोनवरच सांग, "मी एकटीच येणार आहे." घरातल्या काकूंशी बोल, बोलण्यावरून बरंच कळतं. गेल्यावर सामान टाकायच्या आधी आतली कडी लावून दार ओढून बघ, न्हाणीघराची खिडकीही बघ. कडी ढिली असेल तर तिथल्या तिथे दुसरी खोली माग, भीड धरू नकोस. मी दाराखाली सारायला रबरी पाचर नेते. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि झोप शांत लागते.

खाण्याचं फार अवघड नाही: सकाळी घावणे-चटणी, एकदा मनसोक्त माशांची थाळी, बाकी उसळपाव. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जा (पावसाळ्यात होड्या बंद असतात). महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! वाकून पाणी बघितल्याशिवाय परतू नकोस. संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव असतो. बांगड्यांच्या टोपल्या वाळूवर येतात, बायका खाली बसून भाव करतात. त्यांच्या शेजारी उभी राहा. एक पैसा लागत नाही आणि एकटं तर मुळीच वाटत नाही.

घरी खोटं सांगून निघू नकोस. आईला खोलीवाल्या काकूंचा नंबर दे, बसच्या नंबरप्लेटचा फोटो पाठव आणि दिवसातून दोनदा ठरल्या वेळी फोन कर. वाटेत अनोळखी माणसाने "एकटीच?" विचारलं तर मात्र "मावशी घ्यायला येतेय" म्हणायला हरकत नाही. अडचणीत मदतीसाठी ११२ हा नंबर लक्षात असू दे.

साडेतीन हजारांतले पाचशे आधीच बाजूला काढ आणि कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेव. फोनच्या कव्हरमध्ये नको, फोन गेला की तेही जातात. हे पैसे फक्त उशीर झाला तर रिक्षाला किंवा खोली बदलायला.