आमची बोट हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला उघड्यावर उभी असते. तिच्या केबिनच्या हॅचचं (वर उघडणाऱ्या दाराचं) झाकण खडखडतं, पाणीही झिरपतं. काय करावं?

बोट हतनूरच्या बॅकवॉटरला उघड्यावर उभी असते म्हणताय, तर आधी झाकणाच्या कडेची रबरी पट्टी दाबून बघा. खानदेशातल्या मे महिन्यात ते रबर कडक होणारच. चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण लावा. रबरावर जिथे खडू उमटला नाही, तिथून पाणी शिरतं. नवी पट्टी ईपीडीएमची, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराची घ्या.

खडखड मात्र बहुधा बिजागरीची. स्क्रू नुसताच फिरत असेल तर जाडा स्क्रू पिळू नका. फायबरच्या आतलं प्लायवुड कुजलेलं असू शकतं. भोक मोठं करा, कुजका भाग खरवडून काढा, आत पूर्ण वाळू द्या, घट्ट एपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारा चिकट पदार्थ) भरा आणि सुकल्यावर नव्याने ड्रिल मारा. एपॉक्सी सकाळीच, थोडंथोडं कालवा. दुपारी डब्यातच दगड होतो! झाकण अॅक्रिलिकचं असेल तर थिनर अजिबात नको, बारीक तडे जातात.