आधी हळू धावायला शिका

सकाळी ७.४० ची लोकल पकडायची असेल तर पाचला ठाण्यातल्या उपवन तलावावर धावायला या. बूट, मोजे, टी-शर्ट रात्रीच दाराशी काढून ठेवा. पहाटे शोधाशोध सुरू झाली की माणूस परत आडवा होतो.

पहिले दोन महिने वेग विसरा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच धावा, दम लागला की चाला. छाती लवकर तयार होते. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) मागे राहतात. मी हे ऐकलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात जवळच्या येऊर डोंगराचा चढ जोरात मारला आणि नडग्या अशा धरल्या, की स्टेशनचा जिना कठडा धरून उतरत होतो. महिना गेला.

आठवड्याला तीन दिवस पुरेत: दोनदा अर्धा तास, रविवारी थोडं जास्त. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर धावू नका. २१ किलोमीटरचं, म्हणजे अर्ध मॅरेथॉनचं, नाव एवढ्यात नको, आधी सलग पाच होऊ देत.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच, नाहीतर नखं काळी पडतात.