कृष्णविवरांच्या जोडीभोवतीचा परिसर लहरींत कुठे उमटतो?

प्रश्न : एकमेकांभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरांच्या जोडीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, वाटेतल्या वायूच्या ढगांतून येताना क्षीण होत नाहीत का?

द्रव्य या लहरी इतक्या कमी शोषते की ते हिशेबात धरत नाहीत. वाटेत एखादी दीर्घिका भिंगासारखी आली, तर मात्र आयाम, म्हणजे लहरीची उंची, वाढतो. तो दुप्पट झाला की स्रोत खऱ्याच्या निम्म्या अंतरावर भासतो. परिसराचा खरा ठसा उमटतो तो उगमापाशी, कक्षेच्या लयीत.

प्रश्न : मग लायगोला, म्हणजे या लहरी टिपणाऱ्या जमिनीवरच्या वेधशाळेला, तो ठसा का सापडत नाही?

लायगोला जोडी दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. प्रत्येकी 30 सूर्यवस्तुमानांची दोन कृष्णविवरे घ्या. लहरीची वारंवारता 10 हर्ट्झ झाली की विलीन व्हायला जेमतेम 6 सेकंद उरतात, आवर्तने शंभरेक. हीच जोडी 0.01 हर्ट्झवर असताना 19 वर्षे आणि सुमारे एक कोटी आवर्तने शिल्लक असतात. वारंवारता हजारपट कमी, पण उरलेला वेळ दहा कोटी पट! जोडी दूर-दूर असताना लहरींतून जाणारी ऊर्जा अगदी थोडी असते, म्हणून वायूचा क्षीण रोधही तिच्यापुढे जाणवतो. 25 लाख किलोमीटर लांबीच्या भुजांची लिसा ही नियोजित अवकाश वेधशाळा नेमका हा पट्टा ऐकेल.

प्रश्न : जोडीच एखाद्या महाकाय कृष्णविवराभोवती फिरत असेल तर?

हा मला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. जोडी स्थिर वेगाने दूर जात असेल, तर डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्रोताच्या गतीने वारंवारता बदलल्यामुळे, फक्त वस्तुमान जास्त भासते. लहरींवरून हा वेग वेगळा काढता येत नाही. त्वरण मात्र पकडता येते. वरचीच जोडी 40 लाख सूर्यवस्तुमानांच्या कृष्णविवरापासून 0.1 पार्सेकवर (सुमारे एक तृतीयांश प्रकाशवर्षावर) आहे आणि सगळे त्वरण आपल्या दृष्टिरेषेत आहे असे धरू. चार वर्षांत लहरी सुमारे 1500 सेकंद मागे-पुढे होतील. 0.01 हर्ट्झला ही पंधरा आवर्तने झाली.

अडचण अशी की, त्याच चार वर्षांत वारंवारता आपसूक वाढल्यामुळे सुमारे 50,000 जादा आवर्तने जमा होतात, आणि दोन्ही परिणाम प्रथमदर्शनी वेळेच्या वर्गानेच वाढतात. त्यामुळे विश्लेषणात ती पंधरा आवर्तने वस्तुमानाच्या किंचित चुकीत मुरून जातात. दोन्ही वेगळे करायचे, तर वारंवारता वाढण्याचा वेगही बदलताना दिसायला हवा. तेवढा काळ निरीक्षण झाले नसेल, तर त्वरण सापडल्याचा दावा करू नये.

प्रश्न : कृष्णद्रव्य, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे अदृश्य द्रव्य, यातून मोजता येईल?

वस्तुमानांत मोठी तफावत असलेल्या जोड्यांत शक्यता आहे. लहान कृष्णविवर मोठ्याभोवतीच्या दाट कृष्णद्रव्यातून जाताना त्याच्यावर गतिकीय घर्षण होते, म्हणजे भोवतालच्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग मंदावतो. याचे सूत्र खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी 1943 मध्ये मांडले. पण घर्षणात गेलेली ऊर्जा कृष्णद्रव्यालाच मिळते आणि ते विरळ होते. घनता कायम आहे असे धरून काढलेला परिणाम म्हणूनच फुगलेला येतो. समान वस्तुमानांची जोडी तर आपल्याभोवतीचा साठा उधळून लावते.

प्रश्न : दिसलेला फरक परिसरामुळेच आहे, हे कसे ठरवायचे?

आधी कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे ते, तपासा. तीही कमी वारंवारतेला लय बिघडवते. कसोटी उताराची आहे, म्हणजे वारंवारतेनुसार फरक किती झपाट्याने बदलतो याची. वर्तुळाकार कक्षेतल्या लहरीच्या कलेच्या (आवर्तनातल्या स्थितीच्या) तुलनेत विकेंद्रतेचा वाटा वारंवारतेच्या −19/9 घाताने बदलतो, त्वरणाचा −8/3 ने, तर एकसमान घनतेच्या वायूतल्या घर्षणाचा −11/3 ने. एकाच वारंवारतेजवळच्या नोंदीतून हे घात ओळखू येत नाहीत. पट्टा रुंद हवा आणि तिन्ही पदे एकाच वेळी बसवायला हवीत. एकेक पद सुटे बसवले की प्रत्येकच खरे वाटू लागते.